तळहाताचा डाग : टॅबवरील हस्ताक्षराचा एक प्रश्न

विषयाचे नाव वाचून काही वाचक पान उलटतील, याची मला कल्पना आहे. वार्षिकांकातील अभ्यासलेख म्हणजे एखादा कवी, एखादी चळवळ किंवा एखादा ताम्रपट. टॅबच्या काचेवर लिहिताना टेकणारा तळहात हा काय अभ्यासाचा विषय झाला, असे माझ्या एका वर्गमित्रानेही विचारले. त्याला मी जी हकिगत सांगितली तीच आधी सांगतो.

गेल्या वर्षी मी मोडी लिपीच्या वर्गाला जात होतो. आपल्या गावात ही लिपी शिकणाऱ्याला सामग्रीची वाण नाही. येथील पुराभिलेखागारात कोल्हापूर संस्थानचे मोडी दप्तर आहे, आणि जुन्या घरांच्या माळ्यांवर पडलेल्या कागदांची तर गणतीच नाही. २०२३ साली जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली, आणि आजोबांच्या ट्रंकेतले कागद घेऊन लोक मोडी येणाऱ्या माणसाचा पत्ता विचारू लागले. आमच्या वर्गातही एकाने घरातल्या जुन्या खरेदीखताचा फोटो आणला होता. सरांनी त्याचे बाळबोध लिप्यंतर करून आणायला सांगितले. मी टॅबच्या वरच्या अर्ध्या भागात फोटो ठेवला, खालच्या अर्ध्या भागात स्टायलसने लिप्यंतर लिहिले आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत सरांपुढे ठेवले.

सरांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचले, “खरेदीखंत.” वर्ग हसला. “असेल बाबा, जमीन विकणाऱ्याला खंत वाटलीच असेल,” सर म्हणाले आणि पुढे वाचू लागले. चतुःसीमेपाशी आल्यावर ते पुन्हा थांबले. मी लिहिले होते, दक्षिणेस नंदी. मूळ कागदात होते, दक्षिणेस नदी. या वेळी कोणी हसले नाही, कारण ही चूक हसून सोडून देण्यासारखी नव्हती. “खरेदीखंत” हा शब्दच नाही, तेव्हा वाचणाऱ्याला तो अडतो. “दक्षिणेस नंदी” मात्र कोणालाही खरे वाटेल. शेताच्या हद्दीवर नंदी असणे आपल्या मुलखात मुळीच नवलाचे नाही. गाव न पाहिलेला एखादा माणूस त्या लिप्यंतराच्या आधारे दक्षिणेला देऊळ शोधीत फिरला असता.

मी शपथेवर सांगू शकतो की ते दोन्ही अनुस्वार मी दिलेले नव्हते. घरी जाऊन तीच ओळ पुन्हा लिहून पाहिली तेव्हा चोर सापडला. वरची ओळ लिहिताना माझ्या तळहाताची करंगळीकडची कड दोन-तीन ओळी खाली, कोऱ्या जागेवर टेकत होती. काच तिला बोट समजून तेथे एक ठिपका उमटवीत होती. हात वरच असल्यामुळे तो ठिपका मला दिसत नव्हता. पुढे त्या ओळीवर आलो की तो आधीच येऊन बसलेला असे, आणि मी त्याच्या खाली निमूटपणे अक्षर लिहून त्याला अनुस्वाराचे पद देत होतो. शाई तीच, जाडी तीच. हाताने दिलेला ठिपका कोणता आणि तळहाताने दिलेला कोणता, हे नंतर ओळखण्याचा उपाय नाही. ज्या लिपीत एका बिंदूने नदीचा नंदी होतो, त्या लिपीत लिहिणाऱ्याला हा प्रश्न क्षुल्लक मानून चालणार नाही.

मग साहजिकच मनात येते की हात उचलून धरावा, म्हणजे झाले. मीही प्रथम तेच केले. मनगट अधांतरी ठेवून चार दिवस लिहिले. अक्षर दुप्पट मोठे झाले, शिरोरेषा उतरणीला लागली, आणि खांदा इतका भरून आला की पाचव्या दिवशी वही काढली. याचे कारण मला पुस्तकात नव्हे, मामांच्या दुकानात सापडले.

माझे मामा पाट्या रंगविणारे पेंटर. आपल्या गावात ‘पेंटर’ हा शब्द नुसत्या धंद्याचा नाही. आनंदराव आणि बाबूराव यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले, त्यांपैकी बाबूरावांनी पुढे १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट काढला, आणि ‘पेंटर’ हा शब्द त्यांच्या नावाला आडनावासारखा चिकटला. तेव्हापासून ब्रश धरणाऱ्या माणसाला कोल्हापुरात हे बिरुद आदराने लागते. मामा त्या परंपरेच्या अगदी खालच्या पायरीवरचे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या फळ्या, निवडणुकीच्या भिंती हे त्यांचे क्षेत्र. फ्लेक्स आल्यापासून त्यांना काम कमी आणि वेळ जास्त आहे. त्यांच्या दुकानात कोपऱ्यात एक दीड हाताची काठी उभी असते. तिच्या टोकाला चिंध्यांचा गोळा बांधलेला. पाटीवरचा रंग ओला असताना तो गोळा पाटीच्या कोरड्या कडेवर टेकवायचा, काठीचे दुसरे टोक डाव्या हातात धरायचे आणि उजवे मनगट त्या काठीवर ठेवून ब्रश चालवायचा. मी माझे दुखणे सांगितले तेव्हा मामा ब्रश पुसता पुसता म्हणाले, “हात कुठंतरी टेकलाच पायजे बाळा, न्हाईतर रेघ थरथरती. ओल्यावर टेकायचा न्हाई म्हणून ही काठी. हात उचलून धरायला सांगणारा पेंटर मी तरी बघितला न्हाई.”

त्या एका वाक्यात सगळे आले. आपण लिहितो तेव्हा बोटे फार थोडी हलतात, चार-पाच मिलिमीटर म्हटले तरी चालेल. एवढी बारीक हालचाल साधण्यासाठी हाताला खाली खुंटी लागते, आणि तळहाताची कड ही ती खुंटी. तीवर हात टेकलेला असतो, पेनचे टोक तिच्याभोवती फिरते आणि शब्द पुढे सरकला की खुंटीही सरकते. ती काढून घेतली की काम मनगटाकडे, मग कोपराकडे, मग खांद्याकडे जाते. फळ्यावर लिहिणाऱ्या प्राध्यापकांकडे पाहावे. तेथे तळहात टेकत नाही, सारा हात खांद्यातून चालतो, म्हणून अक्षर वीतभर उंचीचे असले तरच ते वळणदार येते. तोच हात वहीच्या दोन रेघांत कोंबायला गेले तर काय होणार? तळहात हा लिहिण्यातला अडथळा नाही, तो लिहिण्याचा पाया आहे. त्यामुळे या विषयावर एखाद्याने सुचविलेला कोणताही उपाय आला की मी आधी एवढेच पाहतो की त्यात हात टेकलेला राहतो का. राहत नसेल तर तो उपाय नव्हे.

हा झगडा काही टॅबबरोबर जन्मलेला नाही. पाटी-पेन्सिलीवर अक्षरे गिरविलेल्या पिढीला ठाऊक आहे की वरची ओळ हाताने पुसली जात असे आणि करंगळीची कड दिवसभर पांढरी राहत असे. बोरूने लिहिणारे कारकून ओल्या शाईवर बारीक वाळू भुरभुरवीत. जुने मोडी कागद उलगडताना त्यांतले चमकते कण आजही बोटाला लागतात. पुढे दौत-टाकाच्या काळात हाताखाली टिपकागद आला. फरक इतकाच की कागदावर तळहात लिहिलेले बिघडवीत होता, आणि काचेवर तो न लिहिलेले लिहितो. पहिला अपराध तत्काळ दिसतो. दुसरा तसा दिसत नाही.

आता काचेकडे वळू. स्पर्श ओळखणारी काच एकाच प्रकारची नसते आणि तळहाताचे वर्तन प्रत्येकीवर निराळे असते. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना पहिल्या प्रकारची ओळख झाली ती ‘आकाश’ या स्वस्त टॅबमुळे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये त्याचे उद्घाटन केले तेव्हा त्याचा बराच गाजावाजा झाला होता. त्याचा पडदा दाबाने चालणारा होता. अशा पडद्यात वीज वाहणारे दोन पातळ थर किंचित अंतर ठेवून बसविलेले असतात. दाबले की वरचा थर खालच्याला टेकतो आणि कोठे टेकला ते विजेच्या मोजमापावरून कळते. दाब बोटाचा, नखाचा की खडूच्या तुकड्याचा, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. गंमत पुढे आहे. साध्या रचनेत हा पडदा एका वेळी एकच जागा सांगू शकतो. पेन येथे आणि तळहात तेथे, असे दोन दाब एकाच वेळी आले की तो दोहोंच्या मधलीच कुठलीतरी जागा सांगतो. म्हणजे लिहिता लिहिता हात टेकला की रेघ पेनच्या टोकाखालून निसटून तळहाताकडे धाव घेते. दोन सासुरवाशिणींचे भांडण मिटवायला गेलेल्या पंचाने तिसरेच घर फोडावे, तसला हा न्याय. ‘आकाश’ची दुसरी आवृत्ती मुंबईच्या आयआयटीच्या देखरेखीखाली सिद्ध होऊन नोव्हेंबर २०१२ मध्ये आली, तेव्हा तिला दुसऱ्या प्रकारचा पडदा होता.

हा दुसरा प्रकार म्हणजे आज आपल्या प्रत्येकाच्या खिशातल्या फोनचा. काचेखाली पारदर्शक तारांची जाळी असते आणि तिच्याभोवती विजेचे अगदी सौम्य क्षेत्र असते. आपले शरीर वीजवाहक. बोट जवळ आले की त्या जागेचे क्षेत्र थोडे ओढले जाते. जाळी सेकंदाला अनेक वेळा तपासली जाते आणि कोठे किती ओढ बसली याचा जणू नकाशा तयार होतो. दाबण्याची गरज नाही, नुसते टेकणे पुरे. एका वेळी दहा बोटे असली तरी दहा जागा कळतात. बोटांसाठी ही रचना उत्तम. पण तळहात हाही शरीराचाच भाग, आणि बोटापेक्षा कितीतरी मोठा. उलट प्लास्टिकच्या टोकाचे पेन या काचेला दिसतच नाही. म्हणून मग तिला फसविण्यासाठी वीजवाहक रबराचे, बोटाच्या शेंड्याएवढे जाड टोक असलेली पेने निघाली. माझे पेन याच जातीचे. काचेच्या दृष्टीने ते पेन नव्हेच, ते आणखी एक बोट. आता एका बोटाला लिहू द्यायचे आणि त्याच्याच शेजारच्या, त्याहून मोठ्या बोटाला दाराबाहेर ठेवायचे, हे काम काचेने कसे करावे?

आणि तिसरा प्रकारही बराच जुना आहे, हे विशेष. १९८३ साली स्थापन झालेल्या वाकॉम या जपानी कंपनीने चित्रकारांसाठी जे तक्ते केले त्यांत तारांचे जाळे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. पेनच्या पोटात तारेचे एक वेटोळे असते, ते त्या क्षेत्रातून शक्ती घेते आणि त्याच सुरात उत्तर देते. पेनला बॅटरी लागत नाही, आणि टोक काचेपासून सुमारे एक सेंटिमीटर वर असले तरी ते कोठे आहे हे कळते. मांसाच्या हाताला असा प्रतिसाद देता येत नाही, त्यामुळे तळहाताची नोंदच होत नाही. २००२ साली मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने जे पेनने लिहिण्याचे संगणक बाजारात आले त्यांतले अनेक याच तत्त्वावर चालत. त्यांवर लिहिणाऱ्यांना तळहाताची तक्रार नव्हती, कारण बोटाला त्या पडद्यावर प्रवेशच नव्हता.

प्रश्न उपजला तो बोट आणि पेन दोघांनाही एकाच काचेवर नांदवायचे ठरले तेव्हा. २००७ साली पहिला आयफोन दाखविताना स्टीव्ह जॉब्ज यांनी स्टायलसची चक्क थट्टा केली होती. देवाने दहा बोटे दिली असताना काडी कशाला, असा त्यांचा रोख होता. त्याच कंपनीने २०१५ साली मोठ्या आयपॅडबरोबर स्वतःची पेन्सिल काढली. दरम्यान २०११ साली सॅमसंगने गॅलेक्सी नोट या फोनात वाकॉमचे चुंबकी पेन आणि बोटाने चालणारी काच एकत्र आणली होती. माणसाला फोन बोटाने चालवावा असे वाटते आणि अक्षर मात्र पेनने काढावे असे वाटते, एवढाच या सगळ्याचा अर्थ.

तेव्हा यंत्राने तळहात ओळखायचा कसा? पहिला विचार आकाराचा. बोटाचा ठसा लहान, तळहाताचा मोठा, तेव्हा मोठा ठसा दिसला की दुर्लक्ष करावे. ऐकायला सोपे आहे, पण तळहात एकदम संपूर्ण टेकत नाही. आधी करंगळीचे पेर किंवा कडेचा एखादा बिंदू काचेला लागतो, आणि त्या पहिल्या क्षणी तो हुबेहूब बोटासारखा दिसतो. सेकंदाच्या दहाव्या भागानंतर तो पसरतो आणि त्याचे खरे रूप कळते. तोवर यंत्राने घाई केली असेल तर ठिपका पडून गेलेला असतो. माझ्या नंदीचा जन्म या घाईत झाला. बरे, यंत्राने थांबायचे ठरविले तर पेनची खरी रेघही तितकीच मागे रेंगाळते, आणि टोकापासून अर्धा इंच मागे शाई उमटते असे वाटून लिहिणारा वैतागतो.

आपल्याकडे कुस्ती पाहणाऱ्याला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. एक खांदा मातीला लागला म्हणून पंच शिट्टी फुंकीत नाहीत. मल्ल पुन्हा फिरून वर येतो की दुसराही खांदा टेकतो, इकडे त्यांचे डोळे असतात. फार लवकर निकाल दिला तर खासबागेत दगड पडतील, आणि फार उशीर केला तर तोवर डाव पलटलेला असेल.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात ज्युलिया श्वार्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली जो शोधनिबंध मांडला त्यात असाच सावध पंच उभा केला आहे. प्रत्येक स्पर्शावर ते एकदाच निकाल देत नाहीत. स्पर्श झाल्यापासून सुमारे अर्ध्या सेकंदापर्यंत पुनःपुन्हा तपासतात. ठसा वाढतो आहे का, शेजारी आणखी ठसे आहेत का, तो सरकतो आहे की जागीच आहे, हे पाहून मते मोजतात आणि निर्णय फिरला तर आधी उमटलेली रेघ मागे घेतात. साध्या, म्हणजे माझ्यासारख्याच्या पेनवर त्यांनी मिळविलेले यश असे : पेनचे ९८ टक्के स्पर्श बरोबर ओळखले गेले आणि तळहाताचे चुकार स्पर्श दर रेघेमागे ०.०१६ इतके उरले. हजार रेघांमागे सोळा. निकाल उत्तमच आहे. पण हे आकडे वाचून मी आपल्या लिपीचा विचार करू लागलो आणि थोडा अस्वस्थ झालो.

‘कोल्हापूर’ हा शब्द लिहून पाहावा. मी माझ्या वळणाने मोजले. क-चे अंग एक, दंड दोन, काना तीन, मात्रा चार, अर्धा ल पाच, ह सहा, त्याचा काना सात, प-चे पोट आठ, दंड नऊ, दीर्घ उकार दहा, र अकरा आणि शिरोरेषा बारा. एका शब्दाला बारा रेघा. कोणाच्या वळणात दोन कमी, कोणाच्या दोन जास्त. तेच नाव रोमन लिपीत धावत्या जोड वळणाने लिहिले तर तीन-चार वेळा पेन उचलले की काम होते. म्हणजे आपला पेन सतत उचलला जातो, आणि प्रत्येक वेळी तळहात मात्र काचेवर ठेवलेलाच असतो. बारा रेघांचा हा शब्द मोठा म्हणून बाजूला ठेवू आणि सरासरी शब्दाला सहा रेघा धरू. दीडशे शब्दांच्या पानाला नऊशे रेघा होतात. वरच्या हिशेबाने एका पानावर चौदा-पंधरा चुकार खुणा आणि अठरा गाळलेल्या रेघा. हिशेब ढोबळ आहे, त्या प्रयोगशाळेत कोणी बाळबोध लिहिले नव्हते आणि तेव्हापासून यंत्रेही सुधारली आहेत, हे मी जाणतो. तरी पण रोमन अक्षरांच्या पानावर पडलेला जादा ठिपका हा बहुधा नुसता डाग असतो, आणि आपल्या पानावर पडलेला ठिपका अनुस्वार असू शकतो. गाळलेली रेघ हा काना असू शकतो. ‘काका’चा ‘कका’ झाला तर वाचणारा सांभाळून घेईल. ‘वाटा’चा ‘वाट’ झाला तर खरेदीखतात काय होईल ते वकिलांना विचारावे.

पेन उचलण्याचा हा क्षणच सर्वांत नाजूक. पेन काचेच्या जवळ असेपर्यंत चांगले यंत्र म्हणते, लेखन चालू आहे, बाकी सर्व स्पर्श दुर्लक्षित करा. शब्द संपवून आपण पेन जरा उंच उचलतो, पुढचे वाक्य आठवीत थांबतो, आणि यंत्राला वाटते की लिहिणारा गेला. हात मात्र तेथेच असतो. मग तो टेकलेला हात अचानक ‘बोट’ होतो. पान सरकते, मोठे होते, किंवा काही ॲपमध्ये दोन बोटांची टिचकी म्हणजे मागची रेघ पुसणे असा संकेत असतो, तेव्हा करंगळी आणि तळहात मिळून शेवटची रेघ गायब करतात. मला काही दिवस वाटत होते की मी शिरोरेषा द्यायला विसरतो आहे.

येथे मोडीची आठवण होणे अपरिहार्य आहे. मोडीत आधी पानभर आडव्या रेषा मारून घेत आणि मग त्यांना लटकावून अक्षरे लिहीत. हात शक्य तितका न उचलता लेखन धावते ठेवायचे, हा त्या वळणाचा मुख्य हेतू. प्रत्येक शब्दानंतर मागे येऊन शिरोरेषा द्यावी लागत नाही, बऱ्याच अक्षरांना काना जोडूनच येतो. मी टॅबवर मोडी आणि बाळबोध यांचा प्रत्येकी एक परिच्छेद लिहून पाहिला. मोडीच्या पानावर चुकार खुणा स्पष्टपणे कमी होत्या. ज्या कारकुनांनी घाईच्या पत्रव्यवहारासाठी हे वळण घडविले त्यांच्या मनात काचेची पाटी नक्कीच नव्हती. दुर्दैव एवढेच की या पानांवरचे मोडी वाचायला पुन्हा आमच्या सरांकडेच जावे लागले.

आता उपायांविषयी, जे मी स्वतः करून पाहिले तेवढेच सांगतो. हाताखाली टिपकागद ठेवण्याची जुनी युक्ती मी सर्वांत आधी केली आणि ती सर्वांत आधी फसली. कागदाचा एक पातळ तुकडा विजेच्या क्षेत्राला अडवीत नाही, तळहात त्याच्या आरपार ओळखला जातो. पेपराची घडी करून ठेवली तेव्हा फरक पडला, आणि जुन्या वहीचा जाड पुठ्ठा ठेवला तेव्हा ठिपके थांबले. म्हणजे कागद असून भागत नाही, अंतर लागते. पुठ्ठ्याची अडचण ही की ओळ बदलली की तो सरकवावा लागतो आणि सरकविताना बोट काचेला लागतेच. चित्रकारांसाठी करंगळी आणि अनामिका झाकणारा अर्धा हातमोजा मिळतो. त्याने हात काचेवर छान घसरतो, घामाचे डागही पडत नाहीत, पण कापड फार पातळ असेल तर तळहात लपत नाही. मी आईच्या जुन्या स्वयंपाकघरातल्या जाड फडक्याचा एक शिवून घेतला. दिसायला तो हास्यास्पद आहे. काम मात्र विकतच्यापेक्षा चांगले करतो. पावसाळ्यात तो दमट झाला की पुन्हा निरुपयोगी, कारण पाणी वीजवाहक आहे; आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये कोणती वस्तू दमट होत नाही? ओल्या हाताने लिहू नये हे सांगायला नको, कारण काचेवरचा पाण्याचा थेंबही बोटाची नक्कल करतो.

पहिल्या आयपॅडच्या काळात काही ॲपमध्ये पानाच्या खालच्या भागात एक पट्टा असे. त्यावर हात कितीही टेकला तरी नोंद होत नसे, आणि ओळ पुढे गेली की पट्टा खाली ओढायचा. मला ही कल्पना मामांच्या काठीसारखी वाटते. यंत्राने तळहात ओळखण्याचा आव आणला नाही, हाताला टेकायला जागा दिली. आज तिची जागा एका साध्या कळीने घेतली आहे. ज्या टॅबचे पेन स्वतः खूण पाठविणारे आहे, मग ते चुंबकी असो वा बॅटरीचे, त्यावर टिपणे लिहिण्याच्या बहुतेक ॲपमध्ये ‘फक्त पेनने लिहा’ अशी सोय असते. ती चालू केली की बोट पान सरकवू शकते, पण रेघ काढू शकत नाही. अनुस्वाराचा प्रश्न तेथे मुळातूनच मिटतो. रबरी टोकाच्या पेनला ही सोय नाही, कारण ते बोटच आहे. टॅब घेताना दुकानदार मेमरी आणि कॅमेरा यांविषयी अर्धा तास बोलतो आणि हा एक भेद सांगत नाही; ज्याला मराठीत लिहायचे आहे त्याने तो आधी विचारावा.

डावखुऱ्या मित्रमैत्रिणींसाठी एक वेगळी सूचना. यंत्र बहुधा गृहीत धरते की तळहात पेनच्या उजवीकडे, खाली असेल. डावखुऱ्याचा तो डावीकडे असतो, आणि लिहून झालेल्या मजकुरावरूनच फिरतो. शाईच्या काळात हेच लोक सर्वांत जास्त डागाळले आणि सर्वांत जास्त बोलणीही खाल्ली. विंडोजच्या संगणकांत कोणत्या हाताने लिहिता हे सांगण्याची सोय आहे, काही ॲपमध्येही ती असते. ती शोधून एकदा बदलावी. आमच्या वर्गातल्या एका डावखुऱ्या मुलीला तीन वर्षे टॅब वापरूनही हे ठाऊक नव्हते. ती मनगट वाकडे करून, वरून लिहीत असे आणि आपलेच अक्षर वाईट आहे असे समजत असे.

आणि एक सवय, जी कोणत्याही काचेवर उपयोगी पडते. वहीवर आपण आधी हात ठेवतो आणि मग पेन टेकवितो. टॅबवर उलट करावे. पेनचे टोक काचेजवळ आणून मग हात ठेवावा, आणि विचार करायला थांबलो तर पेन फार उंच नेऊ नये, किंवा मग सरळ सगळा हातच उचलावा. ही सवय लागायला मला आठवडा लागला.

खरेदीखताचे लिप्यंतर मी नंतर मित्राच्या चुंबकी पेनच्या टॅबवर, हात निवांत टेकवून, पुन्हा लिहिले. सरांनी ते मूळ फोटोशेजारी ठेवून प्रत्येक बिंदूवर बोट ठेवीत तपासले. दक्षिणेस नदी आली. मग त्यांनी पेन मागून घेतले, टॅब मांडीवर तिरका धरला, मनगट टेकविले आणि पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ आडवी रेषा ओढली. तिच्याखाली मोडीत काहीतरी लिहिले. मला ते अजून नीट लागलेले नाही.